कोब्यावरचा लोलक

सरूबाई या माझ्या सासूबाई. माण तालुक्यातल्या एका वाडीतून लोखंडी ट्रंक घेऊन त्या चिंचवडला आल्या आणि अखेरपर्यंत या सगळ्या शहराला ‘कंपनी’ एवढेच म्हणत राहिल्या. त्यांची थोरली सून मी, इंदुमती. यजमान उद्धवराव गेल्यावर चाकणचा कारखाना मी चालवला आणि तो बंद पडू दिला नाही. माझी सून विजयश्री. तिने त्याच कारखान्यात संगणकावर चालणारी यंत्रे आणली आणि ती आणण्यासाठी माझ्याशी वर्षभर भांडली. त्या भांडणात ती जिंकली, हे मी इथे मोकळ्या मनाने नमूद करते. आणि या विजयश्रीची मुलगी योगिनी. ही हकिकत तिची आहे.

आमच्या कारखान्यात गाड्यांच्या गिअरपेटीत बसणाऱ्या पिना होतात. पहिली पिन आणि हजारावी पिन यांत केसाइतकाही फरक चालत नाही. फरक निघाला, तर माल परत येतो आणि त्याबरोबर चार शब्दही ऐकावे लागतात. या सगळ्या पट्ट्यात, भोसरीपासून चाकणपर्यंत, माणसे याच एका गोष्टीसाठी तीन-तीन शिफ्टमध्ये राबतात: कालच्यासारखेच आज झाले पाहिजे. याच शिस्तीत वाढलेल्या माझ्या नातीने एका रविवारी कारखान्याच्या गर्डरला काहीतरी भलतेच टांगलेले मी पाहिले.

“हे काय टांगलं आहेस?” मी विचारले.

“लोलक आहे, आजी. म्हणजे दोन आहेत. वरच्या लोलकाला खालचा लोलक टांगलाय.”

वर एक लांब लोखंडी दांडी होती. तिच्या टोकाला चारी दिशांना वळणारा सांधा, त्याखाली दुसरी आखूड दांडी आणि शेवटी पत्र्याचे नरसाळे. नरसाळ्यात पांढऱ्या संगमरवराची पूड भरलेली. खाली जमिनीवर डिंक लावलेला काळा कागद पसरलेला होता. योगिनीने नरसाळे एका बाजूला ओढून दोऱ्याने खांबाला बांधले आणि काडी पेटवून दोरा जाळला.

“हाताने का नाही सोडत?”

“हाताचा धक्का लागतो. दोरा जळाला की लोलक आपला आपण सुटतो.”

सुटला आणि मी दोन पावले मागे सरले. आधी तो घड्याळाच्या लंबकासारखा शहाण्यासारखा गेला. मग खालच्या दांडीने वरचीला हिसका दिला, वरचीने तो परत केला, आणि दोघींची जी जुंपली, ती पाहत राहावी! नरसाळे गर्रकन फिरे, क्षणभर अधांतरी थांबल्यासारखे होई आणि भलत्याच दिशेने झेपावे. काळ्या कागदावर पांढरी रेघ धावत होती. कुठे दाट, कुठे विरळ, कुठे स्वतःलाच कापून पुढे निघालेली. तो शांत झाला तेव्हा कागदावर जे उमटले होते, त्याला ना फूल म्हणता येई ना पक्षी. पण डोळा त्यावरून हलेना.

“बरं आहे,” मी म्हणाले. आमच्याकडे याहून मोठी शाबासकी देण्याची पद्धत नाही. “आता पुन्हा हेच काढून दाखव.”

ती हसली. नवा कागद पसरला, त्याच खुणेवर नरसाळे बांधले, तितकीच पूड भरली आणि दोरा जाळला. पहिले काही झोके तंतोतंत तसेच गेले. मी मनात म्हटले, जमले. तेवढ्यात रेघ किंचित डावीकडे सरकली, पुढच्या झोक्याला आणखी सरकली, आणि मग या लोलकाचा त्या लोलकाशी काही संबंधच उरला नाही. दुसरेच चित्र झाले.

“चुकलीस.”

“नाही, आजी. खुणेवर बांधताना केसाएवढा फरक राहतोच. दोऱ्याचा पीळ, वाऱ्याची झुळूक, काहीतरी. एकटा लोलक तो फरक पोटात घालतो. पण एकाला दुसरा टांगला की तो फरक प्रत्येक झोक्यात वाढत जातो. याला केऑस म्हणतात.”

“आपल्याकडे याला रिजेक्शन म्हणतात.”

“म्हणूनच मला हे आवडलं!” तिचे डोळे चमकत होते. “यात मनमानी काहीच नाही. नियम पक्के आहेत, कागदावर लिहून देते. तरी पुढचं चित्र मला सांगता येत नाही. मी फक्त सोडायचं. काढतो तो.”

मी ते दोन्ही कागद मोशीच्या घरी नेऊन दिवाणखान्याच्या भिंतीला टाचले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांच्याकडे पाहिले आणि कप तसाच ठेवून योगिनीला हाक मारली.

“हे फरशीवर होईल का?”

“कसली फरशी?”

तेव्हा मी तिला ते सांगितले, जे घरात सगळ्यांना ठाऊक होते आणि तिला मात्र अर्धेच ठाऊक होते.

उद्धवरावांनी नोकरी सोडून पहिला लेथ घेतला, तेव्हा तो ठेवायला आमच्याकडे जागा नव्हती. भाड्याच्या खोलीच्या मालकाने आवाज होईल म्हणून नकार दिला, नातेवाइकांनीही दिला. त्यांच्याबरोबर फाउंड्रीत काम करणारे सोपानराव यांनी पिंपरीत नुकतेच दोन खोल्यांचे घर बांधले होते. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी बसवून महिनाही झाला नव्हता. ते म्हणाले, इथे ठेवा. लेथ नुसता ठेवून भागत नाही. जमिनीत खोल बोल्ट गाडावे लागतात. त्यांनी स्वतः पहार हातात घेऊन ती नवी फरशी फोडली. त्यांच्या पत्नी जाईबाई दारात उभ्या राहून पाहत होत्या. पुढे चार वर्षे त्यांनी मागच्या खोलीत संसार केला आणि पुढच्या खोलीतला लोखंडाचा कीस झाडला. त्या बौद्ध कुटुंबाच्या घरात आमचा लेथ आहे म्हणून आमच्या भावकीने नाके मुरडली. सोपानरावांनी मात्र भाड्याचा शब्द काढला नाही. आमची स्वतःची शेड झाली, लेथ हलला, आणि उद्धवराव पैसे घेऊन गेले, तेव्हा ते म्हणाले, “पैसे नकोत. फरशी मोडलीय, फरशीच द्या. पण साधी नको. दारात आलेला माणूस थबकला पाहिजे.”

उद्धवरावांना तशी फरशी सुचेना. आज देऊ, उद्या देऊ, यात सोपानराव गेले, रस्तारुंदीत ते घर गेले, मग उद्धवरावही गेले. घरच उरले नाही, तर फरशी कुठे बसवणार? जाईबाई भेटल्या की मी आधी मान खाली घाली.

आता त्यांचा मुलगा धम्मरत्न मोशीतच वडिलांच्या नावाने मुलांसाठी अभ्यासिका बांधत होता. मी त्याच दिवशी त्याच्याकडे गेले.

“अभ्यासिकेची फरशी आमची,” मी सांगितले.

“काकू, टाइल्स ठरल्यात.”

“रद्द कर.”

धम्मरत्न बँकेत अधिकारी आहे, पण माझ्यापुढे तो अजून अर्ध्या चड्डीतलाच आहे. त्याने आईकडे पाहिले. जाईबाई खाटेवर बसून लसूण सोलत होत्या. मान वर न करता त्या म्हणाल्या, “इंदुताई, एक फरशी मोडून झाली. आता दुसरी मोडायला आलात व्हय?”

मी त्यांच्यापुढे योगिनीचे दोन कागद ठेवले. त्यांनी ते डोळ्यांजवळ नेऊन बराच वेळ पाहिले. “हे रेघोट्यांचं कुणी काढलं?”

“कुणी नाही, आजी,” योगिनी म्हणाली. “लोलकानं.”

“मग त्याला बोलवा,” जाईबाई म्हणाल्या आणि पुन्हा लसणाकडे वळल्या.

योजना अशी होती. अभ्यासिकेच्या खोलीत काळ्या सिमेंटचा कोबा घालायचा. तो ओला असतानाच छताला टांगलेला मोठा लोलक सोडायचा. त्याच्या नरसाळ्यातून पडणारी संगमरवराची रंगीत पूड ओल्या कोब्यात रुतेल, मग गवंडी हलक्या हाताने थापी फिरवील, पाणी मारून मारून कोबा पिकेल आणि त्याला पॉलिश होईल. चित्र फरशीवर नाही, फरशीतच. मात्र कोबा एकदा घट्ट झाला की संपले. पुन्हा सोडायची सोय नाही. मोठा लोलक पाऊण तास न थांबता झुलावा म्हणून योगिनीने सांध्याच्या बेअरिंगमधले सगळे ग्रीस रॉकेलने धुऊन काढले होते. ग्रीस असले की लोलकाचा जोर त्यात मरतो. कारखान्यात तिने तो झुलवून पाहिला, तेव्हा आमची पोरे जेवणाची सुट्टी विसरून पाहत उभी होती.

दिवस धम्मरत्नाने ठरवला. दसरा, म्हणजे त्यांचा धम्मचक्र प्रवर्तन दिन. सकाळी वंदना झाली की वस्तीतली सगळी माणसे तिथेच असतील.

आदल्या दिवशी खंडेनवमी. आमच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रे थांबतात. प्रत्येक यंत्र पुसायचे, तेलपाणी करायचे, हळदकुंकू वाहायचे, झेंडूची माळ घालायची. तीस वर्षे हे काम खंडूकडे आहे. आम्ही त्याला मिस्त्री म्हणतो. मी निघताना बजावले होते, “लोलकाचीही पूजा करा. तोही आपल्याच घरचा.”

दसऱ्याला अभ्यासिकेत पोहोचलो तेव्हा लोलक छताखाली खोलीभर सरकणाऱ्या गाड्याला टांगून झाला होता आणि गणराज गवंडी कोब्याचा शेवटचा हात फिरवत होता. काळा, गुळगुळीत, आरशासारखा ओला कोबा! कडेने फळ्या टाकल्या होत्या. बाहेर पांढऱ्याशुभ्र कपड्यांत माणसे जमली होती. जाईबाईंना दारात खुर्ची दिली होती. खंडू कोपऱ्यात नव्या सदऱ्यात उभा होता.

“दीड तास हाय तुमच्या हातात, ताई,” गणराज योगिनीला म्हणाला. “त्यानंतर हा दगड.”

योगिनीने आधी रिकाम्या नरसाळ्याने एक झोका सोडला. लोलक सुटला, त्याने दोनचार गिरक्या जोरात घेतल्या, आणि मग... चिखलात रुतल्यासारखा मंदावला. पाच-दहा झोक्यांत लोंबकळत उभा राहिला.

तिचा चेहरा उतरला. ती फळीवरून पुढे गेली, सांध्याला बोट लावले, बोट पाहिले. पिवळे, चिकट ग्रीस.

“हे कुणी भरलं?”

खंडू पुढे आला. “म्या भरलं, ताई. काल पूजेच्या येळी बघितलं तर बेअरिंग कोरडी ठक्क. खंडेनवमीला यंतर उपाशी कसं ठेवायचं? दाबून भरलं.”

“अरे देवा!” मी म्हणाले. कारण पूजा करा असे सांगणारी मी, आणि कोरडे यंत्र पाहून ग्रीस न भरणारा मिस्त्री मी तरी आयुष्यात पाहिला नाही.

“धुऊन काढता येईल?” धम्मरत्नाने विचारले.

“सांधा उतरवावा लागेल, बेअरिंग खेचून काढावी लागतील. खेचण्याचं हत्यार चाकणला,” योगिनी म्हणाली. “आणि आज चाकणचा रस्ता!”

चाकणच्या रस्त्यावरच्या वाहनांच्या कोंडीबद्दल कुणाला काही समजावण्याची गरज नव्हती. बाहेर कुजबुज सुरू झाली. कुणीतरी म्हणाले, “साधा कोबा राहू द्या की. काय बिघडलं?” गणराजने थापी उचलली आणि माझ्याकडे पाहिले. हुकूम द्यायची मला सवय आहे. पण त्या क्षणी माझ्याकडे हुकूम नव्हता. साधा कोबा म्हणजे सोपानरावांनी नको म्हटलेली फरशी. मी जाईबाईंकडे पाहण्याचे टाळले.

योगिनी पायरीवर बसली होती. एकाएकी ती उठली, नरसाळ्यात थोडी पांढरी पूड भरली आणि मला काही न विचारता गाडा कोब्याच्या कोपऱ्यावर सरकवून लोलक हातानेच सोडला. दोराबिरा काही नाही. पहिले झोके बेभान गेले, मग जोर संपला. ओल्या काळ्या कोब्यावर एक छोटी, गच्च, पांढरी आकृती उमटली. जणू कुणी लगबगीने सही केली आहे.

ती पाहत राहिली आणि मोठ्याने हसली.

“आजी! लोलक दमतोय तर दमू दे. माणसं कुठे दमलीत? एकाच लोलकाचा एक लांब झोका नको. जितकी माणसं, तितके झोके! प्रत्येकाचा हात वेगळा, म्हणजे प्रत्येकाची सुरुवात वेगळी. एकासारखं दुसरं होणंच शक्य नाही!” मग ती दाराकडे वळून ओरडली, “ज्याला ज्याला या फरशीवर आपली खूण हवी, त्याने रांगेत यावं! चपला बाहेर! फळीवरूनच चालायचं!”

मला हुकूम सापडला. “ऐकलंत ना? रांग! धम्मरत्न, रंग भर. खंडू, तू लोलक आवर. विजयश्री, मुलांना पुढे घे. गणराज, थापी खाली ठेव!”

काय धांदल उडाली! कपडे वाळत घालायच्या काठीला आकडा बांधून खंडू गाडा रिकाम्या जागेवर सरकवी आणि नरसाळे कडेला ओढी, धम्मरत्न त्यात पूड भरी, कधी पांढरी, कधी पिवळी, कधी निळी, आणि माणूस दोन्ही हातांत ते धरून सोडी. शाळेतल्या पोरीने जीव खाऊन ढकलले, तर आकृती लांबच लांब गेली. एका म्हातारबाबांनी मूल पाळण्यात ठेवावे तसे सोडले, तर इवलेसे वेटोळे उमटले. सोडताना प्रत्येक जण श्वास रोखी, आणि रेघ वळली की सगळी खोली ओरडे.

कंपनीत काम करणारे दोन तरुण आले. एकाने झोका सोडला आणि दुसरा म्हणाला, “थांब, मी सेम टू सेम काढतो. आपलं कामच ते आहे.” त्याने वाकून खूण पाहिली, मित्राने धरले होते तिथेच धरले, जीभ दातांत पकडून सोडले. भलतीच आकृती निघाली.

“भावा, तू क्वालिटीत आहेस ना?” मागून कुणीतरी ओरडले. “फेल!”

“पुन्हा द्या एकदा!”

“पुन्हा नाही,” मी म्हणाले. “इथे रिवर्क नसतं.” सगळे हसले, आणि त्याने मला वाकून नमस्कार केला.

खंडू मात्र रांगेत येईना. “म्या न्हाई. माझ्यामुळंच घोळ झाला.”

“तुमच्यामुळेच हे झालं, मिस्त्रीकाका,” योगिनीने त्याच्या हातातली काठी काढून घेतली. “धरा.” त्याने सदऱ्याला हात पुसले, लेथवर नवा जॉब लावावा तसे नरसाळे जपून धरले आणि सोडले. रेघ पाहून त्याने गालातल्या गालात काहीतरी म्हटले, ते कुणाला ऐकू आले नाही.

पांढऱ्या कपड्यांवर निळे-पिवळे शिंतोडे उडाले होते. कुणाला पर्वा नव्हती. कोबा भरत आला. मधली जागा तेवढी काळी उरली होती.

“लवकर, ताई,” गणराज म्हणाला. “कोबा धरायला लागला. एकदोन झोके, बस.”

“जाईआजी,” योगिनीने हाक मारली.

जाईबाई खुर्चीतून हलल्या नाहीत. “मला नको बाई. हात थरथरतो माझा. सगळ्यांचं चांगलं झालंय, ते नासंल.”

“थरथरू दे, आजी. तोच तर हवाय.”

“काय हवाय?”

“तुमचा हात थरथरला की लोलकाला सुरुवातीला एक बारीकसा हिसका बसेल. कुणालाच न बसलेला. तो प्रत्येक झोक्याबरोबर वाढत जाईल.”

“म्हणजे माझं थरथरणं तो मोठं करून दाखवणार? सगळ्यांम्होरं?” जाईबाईंनी तिच्याकडे रोखून पाहिले. मग मला म्हणाल्या, “तुमची नात तुमच्यावरच गेलीय, इंदुताई. धरा मला.”

एका बाजूने धम्मरत्न आणि दुसऱ्या बाजूने मी, असे आम्ही त्यांना फळीवर नेले. योगिनीने नरसाळे पांढऱ्या पुडीने काठोकाठ भरून त्यांच्या हातांत दिले. ते जड नरसाळे त्या हातांत डुगडुगत होते. कडेवरून पूड सांडत होती. जाईबाईंनी डोळे मिटले आणि सोडले.

मी पुष्कळ यंत्रे चालताना पाहिली आहेत, पण तसा झोका पाहिला नाही. लोलक सरळ गेलाच नाही. सुरुवातीपासूनच तो एका अंगाने कलला, खालच्या दांडीने अख्खी गिरकी घेतली, वरची तिच्यामागे धावली, आणि उरलेल्या काळ्या जागेत पांढरी रेघ पसरत, वळत, पुन्हा पसरत गेली. शेजारच्या निळ्या-पिवळ्या आकृत्यांना स्पर्श करून ती परत फिरे. ग्रीस असूनही तो किती वेळ झुलला! थांबला, तेव्हा शिट्ट्या आणि टाळ्यांनी छत दणाणले. योगिनी मला मिठी मारून उड्या मारत होती, आणि या वयात, या गुडघ्यांनी, मीही.

“बाजूला व्हा आता!” गणराजने थापी उचलली. “आता माझं काम.”

महिनाभर कोब्यावर पाणी मारले. मग पॉलिशचे यंत्र आले. काळ्या फरशीतून त्या रेघा अशा वर आल्या की बोट फिरवले तरी खाच लागू नये.

अभ्यासिका उघडली, त्या दिवशी मुलांनी कुलूप निघण्याआधीच दारात गर्दी केली. दार उघडले, आणि पहिला मुलगा उंबऱ्यातच थांबला. त्याच्यामागचा त्याच्यावर आदळला. कुणाचाच पाय पुढे पडेना. मग एकीला आपली आकृती दिसली, आणि “ही माझी, ही माझी” असा एकच कल्ला झाला.

जाईबाई धम्मरत्नाचा हात सोडून एकट्याच आत गेल्या. मधोमध जाऊन त्यांनी खाली पाहिले. मग हळूच गुडघे वाकवून बसल्या आणि थंडगार फरशीवर दोन्ही तळवे टेकवले. मी दारातच उभी होते.

“असली फरशी आमचं घर बांधताना सुद्धा बघितली न्हवती,” त्या म्हणाल्या. “यांना दाखवायला पाहिजे होती.” मग मान वर करून त्यांनी माझ्याकडे पाहिले. “फिटलं, इंदुताई. सगळं फिटलं. तुमच्याकडं आता आमचं काही राहिलं न्हाई. दारात का उभ्या? या आत.”

मी चपला काढल्या आणि आत गेले.